आठवं गाणं

वसुधाताईंनी गायिका लीलावती मोघेंच्या कॅसेटच्या कव्हरवरची गाणी पुन्हा मोजली. सातच होती. ऑनलाइन ज्ञानकोशात ताईंनी त्या कॅसेटवर लिहिलेल्या लेखात मात्र आठ दिसत होती. ‘निळी छत्री, चार मिनिटं’ ही आठवी ओळ त्यांनीच तक्ता नीट बसतो का ते बघायला लिहिली होती आणि पुसायची राहून गेली होती.

आता ते गाणं गाणी ऐकायच्या ॲपवर वाजत होतं. कोशात नोंद असलेलं गाणं कुठे सापडलं नाही, की ॲप ते नोंदीतल्या नावावरून, तेवढ्याच वेळेचं, गायकाच्या आवाजात स्वतःच तयार करत असे. आवाज थेट लीलावती मोघेंचा होता. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

ताई ओळ खोडणार, तेवढ्यात लेखाच्या चर्चापानावर लीलावतींच्या मुलीचा, रोहिणीचा निरोप आला. “ताई, हे गाणं आई पोळ्या लाटताना गुणगुणायची. तुम्हाला कुठे मिळालं?”

ताई गोंधळल्या. “अहो, ते मी चुकून लिहिलं. असं गाणं नाहीच,” त्यांनी कळवलं.

“असं कसं? फक्त शेवटचं कडवं राहिलंय. वेळ पाच मिनिटं कराल का?”

ताईंनी चाराचे पाच केले. संदर्भाच्या रकान्यात काय लिहावं, ते मात्र त्यांना काही केल्या सुचेना.