करदोडा

अवकाळीनं लोणंदच्या हंबीररावाचा कांदा सडला आणि सांगलीच्या व्यापाऱ्याशी झालेला करार मोडला. व्यापाऱ्यानं थेट फसवणुकीची फिर्याद दिली. पोलिसांनी हंबीररावाला घरातून उचललं आणि कोठडीत घालताना हवालदारानं त्याच्या कमरेचा करदोडा कात्रीनं तोडला.

"आवं, ह्यो सरणावर ठेवतानाच तोडत्यात!" हंबीरराव कळवळला.

"हितं आत घालताना तोडत्यात, पाव्हणं. तुमी गळफास घेतला तर आमची नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश पोलिसांवरच उखडले. करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही, हा दिवाणी वाद आहे, अटकेचं काही कारणच नव्हतं! ऊन उतरायच्या आत हंबीरराव सुटून घरी आला. बायकोनं, राहीबाईनं, दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून अंगणात टाकला आणि लगबगीनं नवा करदोडा आणला.

"हात वर करा की. बांधते."

हंबीररावानं हात वर केले नाहीत. तो अंगणातल्या त्या तुकड्याकडं टक लावून बघत होता.

"अजून कावळा का शिवंना गं?" त्यानं विचारलं.