भट्टीचा नियम
वाकडी निघालेली काचेची बरणी ज्याने घडवली त्यानेच फोडायची, हा आमच्या भट्टीचा नियम. करोनातून उठून सहा महिने झाले, तरी माझ्या छातीत बरणी फुंकण्यापुरताही दम नव्हता. आज सातवी बरणी चेपली तसा दादा सगळ्यांसमोर ओरडला, “रिपोर्ट निगेटिव्ह आलाय ना? मग अजून किती दिवस सोंगं करणार?” माझं डोकंच फिरलं. लोखंडी फुंकनळी उचलून मी माझ्या सातही बरण्या फोडल्या आणि तसाच दादाच्या चांगल्या बरण्यांवर तुटून पडलो. तीन फोडेपर्यंतच धाप लागली. दादाने कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं आणि मूठ उगारली. शिवी हासडायलाही मला श्वास पुरेना. काचांनी रक्ताळलेल्या हाताने मी नळी त्याच्यापुढे धरली. “पहिली फुंकर तूच शिकवलीस, दादा. मला तूच घडवलंस. आता वाकडा निघालोय मी. घे, मला फोड.”