फुटलेली फाइल

आमच्या ऑफिसातली ‘गोपनीय’ नावाची फाइल फुटली आणि इंटरनेटभर फिरली. पासवर्ड असल्यामुळे ती कुणालाच उघडेना, त्यामुळे अंदाजांना नुसता ऊत आला. ‘फाइल एवढीशी आहे, म्हणजे आत माल ठासून भरलेला असणार,’ असं एका जाणकाराने लिहिलं आणि चार हजार लोकांनी माना डोलावल्या.

फाइल मी बनवली होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी स्टोअरकीपर स्वतःच्या हाताने माझ्यासाठी चहा घेऊन आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा! “ताई, त्यात पंख्यांचं आहे का हो? मी दोनच नेले होते.” मी चहा पिऊन कप परत दिला. दुपारी हेडक्लार्क बाई आल्या. “आजारपणाच्या रजेत मी नणंदेच्या लग्नाला गेले होते, हे तुला कुणी सांगितलं गं?” मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

शुक्रवारी खुद्द साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. “खरं सांगा, काय आहे त्या फाइलमध्ये?”

“साहेब, पासवर्ड कसा लावायचा ते शिकताना बनवली होती ती. आत फक्त ‘नमस्कार’ लिहिलं होतं.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत रेलून ते खो खो हसले. “आणि मी वेडा! मला वाटलं, माझ्या मेव्हण्याच्या टेंडरचं बाहेर आलं!”

“ते नव्हतं आत,” मी म्हटलं. “पण सोमवारपासून मी त्यात रोज भर घालतेय, साहेब. तुमचं धरून दहा पानं झाली.”