बारावी ओळ

हजेरीपटाच्या जुन्या पानावर, बाराव्या ओळीवर हेडक्लार्कचं बोट थांबलं. तिथे त्याच्या बायकोचं नाव होतं. नावापुढच्या चौकोनांत निळे अंगठे उठवलेले होते.

त्याने नाव पुन्हा वाचलं. नाव तिचं, आडनाव त्याचं. दुसरं कोणी असणं शक्य नव्हतं.

नगरपालिकेच्या इमारत विभागातून तो वाचनालयाच्या या वरच्या खोलीत माणसं मोजायला आला होता. येताना खिशात कुलूप घेऊनच आला होता. नियम साधा होता. प्रौढ साक्षरता वर्गात महिन्याच्या शेवटच्या दिवशी बारा माणसं हजर हवीत. सलग तीन महिने कमी भरली, तर वर्ग बंद आणि खोली जुन्या दप्तरांना. गेले दोन महिने अकराच भरली होती. आज तिसऱ्या महिन्याचा शेवटचा दिवस. नियमाचा मसुदा त्यानेच लिहिला होता.

बायकोला जाऊन अडीच महिने झाले होते. संध्याकाळी वाचनालयात जाते असं ती सांगायची. खाली मासिकं चाळत बसत असेल, असं तो धरून चालला होता. आणि ही इथे वर येऊन अंगठा उठवत होती. एकतीस वर्षं संसार केला, आणि बायकोला लिहिता येत नाही हे आपल्याला कळलं नाही?

पण ते कसं शक्य होतं? ऑफिसातली त्याची टिपणं तीच तपासून द्यायची. तुमच्यासारखा हेडक्लार्क असल्यावर नगरपालिकेला शत्रू कशाला हवा, म्हणून हसायची. अजूनही तो टिपणं सवयीने घरी न्यायचा आणि सकाळी तशीच परत आणायचा.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

वर्गाच्या बाई फळा पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"भाऊसाहेब, मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत असेल."

मग त्यांनी सांगितलं. नियम आला तेव्हा वर्गात अकराच जण होते. दुसऱ्या दिवशी ताई जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, माझं नाव घाला. बाईंनी हातच जोडले. अहो, तुम्ही शिकलेल्या, तुमचं नाव कसं घालू? त्यावर ताई म्हणाल्या, नियमात माणसं मोजायची असं लिहिलंय, अडाणीच मोजायची असं कुठे लिहिलंय? मसुदा मीच तपासलाय.

त्याला ती संध्याकाळ आठवली. त्याने 'निरक्षर व्यक्ती' असं लिहिलं होतं. तिने पेन्सिलीने पहिला शब्द खोडला. लोकांना लागतं हो ते, म्हणाली, नुसतं 'माणसं' लिहा. त्याने मुकाट्याने तसं लिहिलं. नेहमीच लिहायचा.

"मग अंगठा कशाला? सही करता येत होती तिला."

बाईंनी पटाची पानं उलटून दाखवली. पहिल्या महिन्यांत सगळेच अंगठे होते. मग एकेक अंगठा जाऊन त्या जागी सही आली. शेवटी अंगठे दोनच उरले. एक त्याच्या बायकोचा, दुसरा तिच्या शेजारी बसणाऱ्या लाँड्रीवालीचा. असं पाच महिने चाललं होतं. मग एके दिवशी लाँड्रीवालीची सही होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोची.

ती सही त्याने डोळ्यांजवळ नेली. अक्षरं मोठी, वेडीवाकडी, ओळीच्या बाहेर गेलेली. पहिलीतल्या पोराने काढावी तशी. बायकोचं अक्षर मोत्यासारखं होतं.

हे असं का, त्याने विचारलं. तेवढं मला विचारू नका, बाई म्हणाल्या. आणि तिच्या शेजारणीलाही काही विचारू नका. ताई शिकलेल्या होत्या, हे तिला माहीत नाही. कळता कामा नये.

जिन्यावर पावलं वाजायला लागली. माणसं एकेक करून आत आली. त्याने मोजली. अकरा.

"बाई," तो म्हणाला, "ती कुठे बसायची?"

बाईंनी खिडकीजवळचा बाक दाखवला. तो जाऊन बसला. खिशातलं कुलूप मांडीला रुतलं. शेजारच्या बाईच्या मनगटांवर इस्त्रीचे जुने चटके होते. तिने सरकून त्याला ऐसपैस जागा करून दिली.

हजेरीपट फिरत त्याच्यापुढे आला. बाईंनी तेराव्या ओळीवर त्याचं नाव घातलं होतं. त्याने सवयीने खिशाचं पेन काढलं. तीस वर्षं तो रोज चाळीस-पन्नास सह्या करत आला होता. टोपण काढताना त्याला दिसलं, की शेजारीण त्याच्या हाताकडेच बघते आहे.

त्याने पेन खिशात ठेवलं. शाईची डबी पुढे ओढली आणि अंगठा टेकवला. ठसा फरफटला. डोळे भरून आले. त्याने मान खाली घातली.

लाँड्रीवालीने आपल्या पदराने त्याच्या अंगठ्याची शाई पुसली.

"लाजायचं नाही, दादा," ती हळूच म्हणाली. "तुमच्या जागेवर आधी एक ताई बसायची. तिला तर माझ्याहून कमी यायचं. रोज चुकायची बिचारी. पण मी नाद सोडला नाही. शेवटी तिचं नाव मी तिला लिहायला शिकवलंच."