राखीव गोलकीपर

"लीगमधला खेळाडू करतेयस खरी, पण हंगामभर नवरा टीव्हीवरच बघावा लागेल हं," लग्नाआधी आत्याने तिला बजावलं होतं. तिने हसण्यावारी नेलं, "दिसेल तरी!"

पण नवरा राखीव गोलकीपर. अठरा सामने झाले, तो आपला बाकावरच. मुख्य गोलकीपर पडला तरच कॅमेरा बाकाकडे वळतो. म्हणून लेकीला मांडीवर घेऊन ती त्या भल्या माणसाच्या पडण्याची वाट बघते, आणि मनातल्या मनात त्याच्या बायकोची माफी मागते.

आज तो पडला, लगेच उठलाही. तेवढ्यात दोन सेकंद नवरा दिसला. गाल पार बसलेले.

तुम्ही सामन्याला जाणार असाल, तर बाकाच्या टोकाला बसलेल्याला विचारा, नीट जेवतो का. तिला तो "हो"च सांगतो.