सहावा पेला

कपाटात पेले पाचच होते.

शालूबाईनं पुन्हा मोजले. पाच ते पाचच. मधोमध काचेच्या बुचाचा तो चंबू (त्याला ‘डिकँटर’ म्हणायचं, असं नवऱ्यानं तिला अनेकदा बजावलं होतं) आणि भोवती सहाऐवजी पाच. सहाव्याच्या जागी मखमलीवर नुसता गोल वळ.

फुटला असणार, आणि तोही आपल्याच हातनं. या घरात काच फुटली की ती शालूबाईच्याच हातनं फुटायची.

तिचा नवरा, गणपतराव वकील, यांना जुन्या काचसामानाचा नाद. तनखे बंद झाले आणि सरदार-इनामदारांच्या घरांतून विलायती कटग्लास गुपचूप बाहेर पडू लागली. गणपतराव मागच्या दारानं जायचे आणि येताना पेंढ्यात गुंडाळून सुरया, तबकं, फळांच्या बशा घेऊन यायचे, बाळंतिणीला घरी आणावं इतक्या जपून. घरात दारूचा थेंब नाही. पण त्या पेल्यांतनं घरातल्या कुणी पाणीही प्यायचं नाही. शालूबाईनं फक्त रिठ्याच्या पाण्यात धुवायचं आणि मलमलीनं पुसायचं. एकदा एका पेल्याचा टवका उडाला, तर अख्खा सेट माळ्यावर गेला आणि दिवाळी येईपर्यंत हे तिच्याशी धड बोलले नाहीत. एक गेला की सेट गेला, उरतात ती भांडी, असं त्यांचं म्हणणं.

आणि हा तर सगळ्यांत लाडका सेट. आज दुपारी तो त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता, कारण कांबळे सिस्टर आल्या होत्या.

पावसाळ्यात गणपतरावांना टायफॉईड झाला, तेव्हा सरकारी दवाखान्यात याच बाईंनी त्यांना सांभाळलं. अंग पुसलं, कपडे बदलले, चमच्या-चमच्यानं पेज भरवली. तापाच्या भरात गणपतराव त्यांचा हात धरून ‘आई’ म्हणायचे आणि सोडायचे नाहीत. त्या आज सहज चौकशीला आल्या, तर वकीलसाहेबांनी कपाट उघडलं, चंबूत कोकम सरबत भरलं आणि पेला त्यांच्यापुढं धरला. सिस्टरनी तो दोन्ही हातांनी घेतला.

“साहेब, पेज पाजताना तोंड वाकडं करत होता, आणि आज मलाच पाजताय व्हय?” त्या हसल्या. “सुईला भीत न्हाय मी कधी, पर ह्या पेल्याला भ्या वाटतंय.”

शालूबाईला भरून आलं होतं. दर शाहूजयंतीला हे भाषण करायचे. शाहू महाराजांनी एका अस्पृश्य माणसाच्या हॉटेलात चहा घेतला, ते सांगताना यांचा गळा दाटून यायचा आणि टाळ्या पडायच्या. आजारपणानं का होईना, भाषणातला माणूस घरी आला, असं तिला वाटलं होतं.

तिनं मोरी पाहिली. केराच्या डब्यात हात घातला. शेवटी ओसरीवर जाऊन आरामखुर्चीतल्या नवऱ्याला विचारलं.

“फुटला नाही,” गणपतराव पेपरातून मान वर न करता म्हणाले. “मागं ठेवलाय.”

मागं म्हणजे परसात, संडासाच्या भिंतीतल्या कोनाड्यात. तिथं संडास साफ करायला येणाऱ्या झुंबरबाईचा कानतुटका कप पालथा घातलेला असायचा. इतक्या वर्षांत त्या कपाकडं शालूबाईनं नीट पाहिलंही नव्हतं. आज पाहिलं, कारण त्याच्या शेजारी सहावा पेला पालथा होता. उन्हात त्याचे पैलू लखलखत होते. कडेला कोकमाचा लाल थेंब वाळला होता. धुवायलाही कुणी हात लावला नव्हता.

ती ओसरीवर परत आली. रोज वकिलीणबाईंसारखं बोलणारी शालूबाई, पण संतापली की तिची जीभ थेट माहेरी, गडहिंग्लजला जायची.

“सेट मोडला की तुमचा,” ती म्हणाली.

“मोडू दे. पाच पुरेत.” गणपतरावांनी पान उलटलं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की बाईंना ते काही वाईट बोलले नव्हते. मान द्यायचा तो दिला. लोक करतात का तेवढं तरी? पण हात लागला, तोंड लागलं, आता तो पेला बाकीच्यांत कसा ठेवायचा?

टवक्यासाठी दिवाळीपर्यंत रुसलेला माणूस. शालूबाईनं त्यांना खुर्चीतून उठायला सांगितलं. खुर्ची झाडायची असेल असं वाटून ते उठले.

तिनं ती जड सागवानी आरामखुर्ची फरफटत नेली. स्वयंपाकघरातून, मोरीवरून, उंबऱ्यावर आपटत परसात. शेजारच्या तानाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. गणपतराव मागोमाग आले. काय चाललंय, लोक बघतायत, असं दबक्या आवाजात म्हणत राहिले. शालूबाईनं कोनाड्यातला कप आणि पेला दोन्ही काढून पदराखाली घेतले. खुर्ची बरोबर त्या कोनाड्याखाली लावली, आणि पदरानं तिची बैठक पुसली, रोज पुसायची तशीच.

“सिस्टरचा हात लागलेलं भाईर ठेवायचं न्हवं?” ती म्हणाली. “मग बसा. तुमचं तर समदं अंग पुसलंय तिनं.”