आजपासून एक महिना

“साहेब, डॉक्टर हातमोजे घालून बसलेत आणि ऑपरेशनच्या यादीत चिटपाखरू नाही,” नेत्रालयाच्या रिसेप्शनवरच्या बाई फोनवर म्हणाल्या.

प्रोग्रामर खुर्चीत रेलला. ऑफिसात तो तारीखमास्तर. तारखांचं काम आलं की तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. दूरच्या गावातल्या या नेत्रालयाचा प्रोग्रामही त्यानं एकहाती केला होता. मोतीबिंदूची तपासणी झाली की बरोबर एका महिन्यानं ऑपरेशन, एवढंच तर होतं. तारखेत महिना मिळवायला एसक्यूएल या संगणकी भाषेतली एक ओळ पुरते. ती त्यानं जेवता जेवता लिहिली होती आणि ऑफिसभर तसं सांगितलंही होतं.

“पेशंटच आले नसतील, बाई.”

“अहो, मी मागेच म्हणाले होते ना, तारखा रोज पुढे सरकतायत म्हणून!”

म्हणाल्या होत्या खऱ्या. तेव्हा त्यानं त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं. नेत्रालयातल्या बाईंना!

त्यानं ती ओळ उघडली आणि कपाळाला हात लावला. महिना मिळवायचा होता तपासणीच्या तारखेत. या शहाण्यानं तो ‘नाऊ’मध्ये, म्हणजे चालू तारखेत मिळवला होता. रोज सकाळी तारीख बदलायची आणि प्रत्येकाचं ऑपरेशन पुन्हा एक महिना लांब जायचं. म्हणजे ते कधीच होणार नव्हतं.

‘नाऊ’ खोडून त्यानं तपासणीची तारीख घातली. ज्यांचा दिवस उलटून गेला होता, अशांची यादी समोर आली. पहिलंच नाव त्याच्या वडिलांचं होतं.

बाबांनी डोळे तपासून घेतले, हे त्याला ठाऊक होतं. कुठे, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्यानं गावी फोन लावला.

“कोण बोलतंय?” बाबांनी विचारलं. “फोनवरचं नाव दिसत नाही रे हल्ली.”

“मीच, बाबा. तुमच्या ऑपरेशनचा दिवस केव्हाच होऊन गेला. तुम्ही चौकशी नाही केली?”

“केली की. रोज जायचो. त्या बाई रोज म्हणायच्या, आजपासून एका महिन्यानं.”

“मग आरडाओरडा करायचा! निदान मला तरी सांगायचं!”

बाबा हसले.

“तुला काय सांगायचं? तू गावी कधी येतोस म्हणून विचारलं की तूही दरवेळी हेच म्हणतोस. मी त्या बाईंना म्हटलं, तुमचं यंत्र आमच्या पोरानं बनवलेलं दिसतंय.”